वारसा घरांच्या दर्शनी भागांची दुरुस्ती व्हावी, अदलाबदल नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यातील जुन्या घरांची चर्चा वृत्तपत्रांतून होते तेव्हा ती बहुधा एखादा वाडा पाडला जाणार की राहणार, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरते. घर पडले की हळहळ व्यक्त होते, वाचले की समाधान मानले जाते. पण चरई, खारकर आळी, महागिरी, टेंभी नाका, उथळसर या भागांतून आज पायी फिरले, तर उभ्या असलेल्या घरांपैकीही अनेकांचे मूळ रूप हरवलेले दिसते. कौलांच्या जागी रंगीत पत्रे आले, सागवानी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या, ओतीव लोखंडाचे नक्षीदार कठडे निघून चौकोनी नळ्यांचे कठडे लागले आणि चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट चढले. यातला प्रत्येक बदल सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो, त्यामुळे त्याला कोणी हरकत घेत नाही. वारसा म्हणून संरक्षण मिळालेल्या खासगी घरांच्या बाह्य भागात काय बदलावे, काय मुळीच बदलू नये आणि त्यासाठी परवानगीची पद्धत कशी असावी, याविषयी काही मुद्दे आपल्या वृत्तपत्राद्वारे वाचकांसमोर आणि महापालिकेसमोर मांडावेत, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

नियम नाहीत, अशी स्थिती नाही. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींसाठी जी नियमावली लागू झाली, तिने इमारतींच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत इमारत मजबूत करण्यासाठी अपरिहार्य असेल तेवढाच हस्तक्षेप मान्य आहे. दुसऱ्या श्रेणीत आतील बदलांना बरीच मोकळीक असली तरी बाहेरील बदल तपासूनच मंजूर व्हावेत असे अपेक्षित आहे. तिसऱ्या श्रेणीत मोकळीक आणखी वाढते. त्याच नियमावलीत असेही म्हटले आहे की, यादीतील इमारतीची दुरुस्ती, रंगकाम, गिलावा किंवा तिच्या वैशिष्ट्यपूर्ण भागांची अदलाबदल ही कामेदेखील आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय करता येणार नाहीत. राज्यातील इतर शहरांसाठी २०२० साली मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही वारसा इमारतींच्या जतनाची तरतूद आहे.

अडचण आहे ती या तरतुदींच्या व्यवहारात. भिंतीला रंग देणे आणि सज्जाचे कोरीव खांब काढून टाकणे ही दोन्ही कामे कागदावर एकाच परवानगीच्या रांगेत उभी राहिली, तर सामान्य घरमालक त्या रांगेत उभाच राहत नाही. त्याला अर्ज, नकाशे, वास्तुविशारदाचे शुल्क आणि महिनोन्‌महिन्यांची प्रतीक्षा दिसते. त्यापेक्षा एखाद्या सुट्टीच्या दिवशी गाडी बोलावून जुनी खिडकी काढणे आणि संध्याकाळपर्यंत नवी बसवणे सोपे असते. पाडकामाची निदान बातमी होते. अशा बदलाची कोठेही नोंद राहत नाही. पुढे घराची श्रेणी ठरवायला किंवा फेरतपासणीला कोणी आले, की ‘यात आता जुने असे फारसे उरलेले नाही’ असा शेरा मारला जातो, आणि पाडण्याची परवानगी मागणाऱ्याच्या हाती आयते कारण पडते.

या विषयात खिडकीकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण सर्वांत आधी आणि सर्वांत सहज बदलली जाते ती खिडकीच. जुन्या सागवानी खिडकीचे लाकूड सगळीकडे सारखे कुजत नाही. पावसाचे पाणी चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीवर आणि उभ्या बाजूंच्या तळाशी साचते, लाकडाच्या कापलेल्या टोकांतून ते आत शोषले जाते आणि तेथून कूज सुरू होते. वरची पट्टी, झडपांच्या तिरप्या फळ्या, बिजागऱ्यांजवळचा भाग हे बहुतेक वेळा ठणठणीत असतात. कुजलेला भाग तिरका कापून काढावा, त्याच जातीच्या पक्क्या लाकडाचा तुकडा जीभ-खाच करून आणि लाकडी खुंटी ठोकून बसवावा, कापलेल्या टोकांना तेल पाजावे, आणि खालच्या पट्टीला पाणी बाहेर ओघळेल असा उतार द्यावा, एवढ्याने ती खिडकी पुढे कित्येक वर्षे चालते. पूर्ण खिडकी काढून टाकली, तर नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड आपण गमावतो, आणि त्या प्रतीचे सागवान आज सहजासहजी मिळत नाही. लागवडीच्या कोवळ्या झाडांच्या लाकडात बाहेरचा कच्चा भाग जास्त असतो आणि त्याला वाळवी व बुरशी लवकर लागते. म्हणजे ‘जुने कुजले म्हणून नवे बसवले’ असे म्हणताना पुष्कळदा अधिक टिकाऊ लाकूड जाऊन कमी टिकाऊ वस्तू येते.

शिवाय त्या खिडकीला काम होते. ठाण्यात वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तिरप्या फळ्यांची झडप मिटलेली असली तरी फळ्यांमधून वारा येत राहतो आणि पावसाची झड बाहेर राहते. सरकती काचेची खिडकी कधीही अर्धीच उघडते, आणि पाऊस सुरू झाला की तीही बंद करावी लागते. मग खोली कोंदते, भिंतींना बुरशी धरते, आणि वातानुकूलन यंत्र बसवावे लागते. त्या यंत्राचा बाहेरचा भाग पुन्हा दर्शनी भिंतीवरच लटकतो. एका बदलातून दुसरा बदल कसा ओढला जातो, याची अशी उदाहरणे जुन्या आळ्यांत पावलोपावली दिसतात.

छपराचेही तसेच. मंगळूरमध्ये बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मंगळुरी कौलांचा प्रसार झाला. एकमेकांत अडकणाऱ्या या कौलांचे वैशिष्ट्य असे की, एक फुटले तर तेवढेच बदलता येते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची रीत होती, तेव्हा घरात थोडी जादा कौले रचून ठेवलेली असत. आता शाकारणी करणारे गडी मिळत नाहीत ही अडचण खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. परंतु पत्रे टाकताना बहुधा छपराचा पुढे आलेला भागही छाटला जातो. त्यामुळे पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न पडता थेट भिंतीवर आणि खिडक्यांच्या चौकटींवर येते, आणि पुढच्या काही वर्षांत त्या चौकटी कुजतात. चुन्याच्या भिंतीवरील सिमेंटच्या गिलाव्याविषयी एवढेच सांगणे पुरे की, जुनी विटांची भिंत ओल शोषते आणि चुन्यातून ती बाहेर टाकते. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो, ओल आत अडकते, क्षार फुलतात आणि गिलावा पोपडे धरून सुटतो.

जगभर या बाबतीत मान्य झालेले तत्त्व साधे आहे. अमेरिकेच्या अंतर्गत विभागाने ऐतिहासिक इमारतींसाठी ठरवलेल्या मानकांत खराब झालेला भाग बदलण्याऐवजी दुरुस्त करावा, आणि बदलणे अटळच असेल तर नवा भाग आकार, रंग, पोत आणि शक्य तेथे साहित्य या सर्व बाबतींत जुन्याशी जुळणारा असावा, असे सांगितले आहे. इंग्लंडमध्ये संरक्षित घराच्या खिडक्या विनापरवानगी बदलून घराचे स्वरूप बिघडवणे हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेच्या बाराव्या कलमाने त्यात आणखी एक अट घातली आहे: नवा भाग संपूर्ण वास्तूत मिसळून जावा, पण तो मूळचा आहे असा खोटा भास निर्माण होऊ नये. आपल्याकडच्या सुताराला हे अवघड नाही. नव्या तुकड्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर दुरुस्तीचे वर्ष कोरून ठेवले तरी पुढच्या पिढीला काय जुने आणि काय नवे ते कळेल.

आता घरमालक आणि भाडेकरू यांच्या बाजूने काही सांगितले पाहिजे, कारण सगळा भार त्यांच्यावर टाकून वारसा टिकत नाही. ठाण्यातील कितीतरी जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू आहेत. १९४७ च्या भाडे कायद्याने गोठवलेली आणि १९९९ च्या कायद्यानंतरही नाममात्र राहिलेली भाडी घेणारा मालक दुरुस्तीवर खर्च करण्यास तयार नसतो. इमारत सुस्थितीत ठेवणे हे कायद्याने मालकाचे कर्तव्य असले तरी ते प्रत्यक्षात उतरत नाही. मग प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या ऐपतीप्रमाणे आपापली खिडकी बदलते, आणि एकाच सज्जावर चार तऱ्हेच्या खिडक्या दिसतात. विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे जागेवर वापरता न येणारे बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरण्यासाठी विकण्याची, सवलत वारसा इमारतींना आहे, हे खरे. पण आठ-दहा वारसदारांची नावे लागलेल्या लहानशा घराला आज सुताराची मजुरी भागवायची असते, आणि ती या मार्गाने वेळेवर हाती येत नाही. मुंबईच्या नियमावलीत वारसा इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी उभारता येईल असे म्हटले आहे. तसा निधी ठाण्यात प्रत्यक्ष उपलब्ध व्हावा, आणि त्यातून लाकूड, कौले, चुना व कुशल मजुरी यांसाठीच मदत मिळावी.

घर हे राहण्यासाठी असते, हेही मान्य करायला हवे. डासांची जाळी, सुरक्षेसाठी गज, वातानुकूलन यंत्र, नवी वीजजोडणी यांची गरज आजच्या कुटुंबाला आहे आणि ती नाकारणारा नियम कोणी पाळणार नाही. जाळी आणि गज खिडकीच्या आतल्या बाजूने बसवता येतात, यंत्राचा बाहेरचा भाग मागच्या भिंतीवर किंवा अंगणाच्या बाजूला ठेवता येतो, वीजमीटरची पेटी जिन्याखाली जाऊ शकते. रस्त्यावरून न दिसणाऱ्या मागील भिंतीवर ॲल्युमिनियमची खिडकी आली तर माझी तक्रार नाही. दर्शनी बाजूविषयी मात्र आपण ठाम असले पाहिजे, कारण त्या बाजूचा संबंध केवळ त्या कुटुंबाशी नसून संपूर्ण आळीशी असतो.

म्हणून माझी सूचना अशी की, महापालिकेने वारसा घरांच्या बाह्य कामांसाठी परवानगीच्या दोन स्वतंत्र वाटा ठेवाव्यात. जे काम जुन्यासारखेच, त्याच साहित्यात आणि त्याच मापात व्हायचे आहे, त्यासाठी एक पानाचा मराठी अर्ज, कामापूर्वीची छायाचित्रे आणि ठरलेल्या थोड्या दिवसांत निर्णय, तोही विनाशुल्क, अशी पद्धत असावी. मुदतीत उत्तर न आल्यास काम सुरू करण्याची मुभा असावी. जेथे साहित्य, आकार किंवा रचना बदलायची आहे, तेथे मात्र कसून तपासणी व्हावी आणि दुरुस्ती का शक्य नाही हे अर्जदाराने दाखवून द्यावे. हे दाखवताना केवळ कंत्राटदाराचे मत पुरेसे मानू नये. पुष्कळ ठिकाणी काढलेले जुने लाकूड आणि लोखंड कंत्राटदाराने न्यायचे असा व्यवहार ठरलेला असतो, आणि ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात अशा सागवानी चौकटींना व खांबांना चांगला भाव येतो. ज्याला काढलेल्या मालातून लाभ आहे, त्यानेच ‘हे आता काढावेच लागेल’ असे सांगावे, हे बरोबर नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग मालकाच्याच ताब्यात राहील, अशी अट परवानगीत स्पष्ट लिहिलेली असावी.

धोकादायक इमारतींच्या नोटिशींबाबतही थोडा विचार व्हावा. पावसाळ्यापूर्वी अशा इमारतींची वर्गवारी जाहीर होते आणि लोकांच्या जिवाच्या दृष्टीने ती आवश्यकच आहे. परंतु लाकडी तुळया आणि विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या घराची तपासणी, काँक्रीटच्या इमारती तपासण्याची सवय असलेल्या अभियंत्याकडून होते तेव्हा निष्कर्ष पूर्ण पाडकामाकडे झुकण्याची शक्यता वाढते. वारसा यादीतील घराची तपासणी लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडून व्हावी आणि सज्जा किंवा छपराचा जो भाग धोक्याचा आहे, तेवढाच आधार देऊन दुरुस्त करण्याचा पर्याय अहवालात नमूद करणे सक्तीचे असावे.

शेवटची सूचना साहित्याविषयी आहे. दुरुस्ती करू इच्छिणाऱ्याला जुन्या मापाची कौले, जुने सागवान, पितळी कड्या आणि ओतीव लोखंडाचे कठडे मिळत नाहीत, आणि दुसरीकडे शहरात दर काही महिन्यांनी एखादे जुने घर रीतसर परवानगीने पाडले जाऊन हेच साहित्य शहराबाहेर विकले जाते. महापालिकेने आपल्या एखाद्या रिकाम्या गोदामात अशा साहित्याचे भांडार उघडावे, पाडकामाची परवानगी देताना वापरण्याजोगी कौले व लाकूड योग्य मोबदल्यात तेथे जमा करून घ्यावे, आणि वारसा यादीतील घरांच्या मालकांना व भाडेकरूंना ते खरेदीच्याच दरात द्यावे. येत्या पावसाळ्याच्या शाकारणीपूर्वी निदान कौलांपुरती तरी याची सुरुवात करता येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)