केमिस्ट्री मेजर घेतले, पण गणिताचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बीएस्सीच्या मेरिट लिस्ट लागू लागल्या की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात : केमिस्ट्री मेजर (मुख्य विषय) मिळाले, आता मायनर (जोडीचा दुय्यम विषय) कुठला घेऊ? मुंबईतल्या एका महाविद्यालयात फिजिकल केमिस्ट्री शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणे साहजिकच. विचारणाऱ्यांचा कल मात्र बहुधा आधीच ठरलेला असतो. अकरावीत गणित सोडलेले, नीटमध्ये मनासारखे गुण नाहीत, म्हणून मायनर बॉटनी नाही तर झूलॉजी. ‘गणित नको, केटी लागेल’, म्हणजे विषय राहील, हे त्यामागचे खरे कारण. काही जण वेळापत्रक बघून ठरवतात. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या मुलाला संध्याकाळची गर्दी टळेल असा विषय आवडू लागला, तर मी त्याला दोष देणार नाही.

पूर्वी एफवायला तीन विषय आणि टीवायला सिक्स युनिट्स (एकच विषय) किंवा थ्री युनिट्स (दोन विषय), असा सरळ मामला होता. निवडीला फार वाव नव्हता, त्यामुळे चुकायलाही नव्हता. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण आले. सत्राला २२ क्रेडिट (शिकण्याच्या तासांवर मोजलेले श्रेयांक), त्यांत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी आणि एसईसी हे स्किल कोर्स, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली... ही लघुरूपे समजून घेण्यातच पालकांचा अर्धा दिवस जातो. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. म्हणजे केमिस्ट्रीचा विद्यार्थी तिथे कॉमर्स किंवा आर्ट्सचा विषय शिकेल, पण गणित शिकायचे तर त्याला मुख्य वाट मायनरचीच. एखाद्या महाविद्यालयाने स्किल कोर्समध्ये थोडे गणित बसवले तर गोष्ट वेगळी. माझ्या पाहण्यात अशी महाविद्यालये मोजकीच.

गणिताशिवाय काय होते, ते प्रॅक्टिकलला दिसते. आम्लाच्या उपस्थितीत मिथाइल ॲसिटेटचे जलअपघटन हा वर्षानुवर्षे चालत आलेला प्रयोग. ठरावीक वेळाने मिश्रण पिपेटने काढायचे, बर्फाच्या पाण्यात सोडून अभिक्रिया थोपवायची, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकून सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचे. मुलांचे हात छान चालतात. आलेखही सरळ रेषेत येतो. त्याचा चढ काढतात, २.३०३ने गुणतात आणि वेगस्थिरांक लिहून मोकळे होतात. हा २.३०३ आला कुठून, असे व्हायव्हात विचारले की उत्तर ठरलेले : ‘सर, फॉर्म्युल्यात आहे.’ नैसर्गिक लॉगवरून दहाच्या पायाच्या लॉगवर येताना तो लागतो, आणि लॉग मुळात एका साध्या इंटिग्रेशनमधून आलेला असतो. हे ज्याला उमगले नाही त्याला सेकंड ऑर्डरचे सूत्र वेगळे घोकावे लागते, अऱ्हेनियसचे वेगळे, नर्न्स्टचे वेगळे. जर्नल सर्टिफाय होते, गुणही मिळतात, म्हणून कोणाचे काही अडत नाही.

अडते ते पुढे. थर्मोडायनॅमिक्सला पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतात, क्वांटमला डिफरन्शियल इक्वेशन्स, आणि स्पेक्ट्रोस्कोपी क्वांटमवर उभी. हा क्रम कोणाला उलटवता येत नाही. पाचव्या सत्रात गणित हाती घेणे म्हणजे वरातीमागून घोडे. पवईच्या आयआयटीत एमएस्सी करण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी तिथल्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे जॅमचा, केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम एफवायलाच उघडून पाहावा. फंक्शन्स, इंटिग्रल्स, मेट्रायसेस, डिटरमिनंट्स, प्रॉबॅबिलिटी, सारे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. ज्यांना शिक्षण संपताच तारापूर, तळोजा, अंबरनाथकडच्या कारखान्यांत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) नोकरी धरायची आहे, त्यांना मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री मायनर खुशाल चालेल. औषध कंपनीत उपयोगही होईल. पण एचपीएलसी या यंत्रावरची औषध तपासण्याची पद्धत व्हॅलिडेट करताना, म्हणजे ती भरवशाची आहे हे दाखवताना, लिनिॲरिटीचा (सरळ रेषेचा) ग्राफ आणि आरएसडी (मोजमापांतली टक्केवारीतली तफावत) तिथेही काढावा लागतोच.

मुलांची बाजूही सांगितली पाहिजे. यूजीसीच्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. मग न जमणाऱ्या गणितात गुण कशाला घालवायचे, हा हिशेब हुशार मुलेही करतात, आणि तो चुकीचा नाही. त्यात थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास तर प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला ३० तास. दोन-दोन प्रयोगशाळांचे विषय असले की दिवस कॉलेजात आणि रात्र जर्नल लिहिण्यात जाते.

म्हणून ‘सगळ्यांनी गणितच मायनर घ्या’ असे माझे म्हणणे नाही. गणित सोडून आलेल्यांसाठी केमिस्ट्री विभागांनी पहिल्या सत्रात ३० तासांचा गणिताचा वर्ग चालवावा. त्याला गुण नकोत, क्रेडिट नकोत, परीक्षा तर नकोच. लॉग, आलेख, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि थोडी स्टॅटिस्टिक्स एवढेच शिकवावे, आणि उदाहरणे केमिस्ट्रीतली घ्यावीत. गणित विभागातले सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) अध्यापक हे काम आनंदाने करतील; त्यांचे मानधन मात्र वेळेवर द्यावे. दुसरे असे की, कोणत्या सत्रात काय शिकवणार आणि त्याआधी काय येत असले पाहिजे, याचा आठही सत्रांचा एकपानी तक्ता प्रवेशाच्या खिडकीवर लावावा. आज हा क्रम मुलांना सीनियरकडून कळतो, तोही सीनियर भेटला तर.

आता एसवायला असलेल्यांनी वर्ग सुरू होण्याची वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन पोर्टलवर गणिताचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत, शुल्क परीक्षा दिली तरच. तिथले क्रेडिट डिग्रीत धरायचे असतील तर नाव नोंदवण्याआधी महाविद्यालयाकडून लेखी मान्यता घ्यावी. तोंडी ‘चालेल’वर विसंबू नये.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र अध्यापक,
मुलुंड (पूर्व), मुंबई