'मधुमेह आहे का?' या प्रश्नाला तिसरं उत्तरही असतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भांडुप पश्चिमेला दातांच्या एका दवाखान्यात मी 19 वर्षं मदतनीस आहे. नवा पेशंट आला की त्याच्याकडून माहितीचा कागद भरून घेणं माझ्याकडे असतं. नाव, वय, आणि खाली 'मधुमेह : हो / नाही', 'रक्तदाब : हो / नाही'. बहुतेक जण दोन्हीकडे 'नाही'वर खूण करतात. तो कागद फायलीला लावला की माझं काम संपलं, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात टेंभीपाड्यातले एक रिक्षावाले दादा आले. वय 43. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा हिरडीत पू झालेला, खालचे पुढचे दोन दात हलत होते. तंबाखूची सवय नाही. डॉक्टरांनी सहज विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" म्हणाले, "तीन-चारदा. दिवसभर रिक्षात पाणी पीत नाही, मग घरी गेल्यावर तांब्याच्या तांब्या पितो, त्यामुळे असेल." डॉक्टरांनी ग्लुकोमीटर मागवून बोट टोचलं. साखर 318. दादा पार गप्प झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, मी खोटं नव्हतं लिहिलं हो. कधी तपासलंच नव्हतं."

ते वाक्य मला फार लागलं. त्याच संध्याकाळी आम्ही कागदावर पेनानं तिसरा रकाना आखला : 'कधी तपासलं नाही'. आता पस्तिशी-चाळिशीतले कितीतरी पुरुष तिथेच खूण करतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातल्या अनेकांना ते ठाऊकही नसतं. रोजंदारीवरचा माणूस नुसत्या तपासणीसाठी खाडा करत नाही. पण दाढ ठणकली की तोच माणूस धावत येतो. मग त्याच खुर्चीत दोन मिनिटं जास्त का देऊ नयेत?

शिवाय हे दातांच्या उपचारांपासून वेगळं नाहीच. साखर वाढलेली असली की हिरड्यांना जंतुसंसर्ग लवकर होतो, जखम भरायला वेळ लागतो. उलट हिरड्या सतत सुजलेल्या राहिल्या तर साखरही आटोक्यात ठेवणं अवघड जातं. दाढ काढताना देतात त्या भुलीच्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा ॲड्रेनलिन असतं, त्यानं रक्तदाब वाढू शकतो, म्हणून आधी तो बघणं गरजेचं. 180/110 च्या वर असेल तर घाईचं नसलेलं काम पुढे ढकलावं लागतं. खुर्चीत बसल्यावर भीतीनंही तो चढतो. त्यासाठी आम्ही पेशंटला पाच-दहा मिनिटं बाहेर शांत बसवून पुन्हा मोजतो.

काही दंतवैद्य म्हणतात, हे आमचं काम नाही, पेशंट घाबरून पळतील. मला हे पटत नाही. मधुमेह आहे असं ठरवायला कोण सांगतंय? ग्लुकोमीटरच्या एका पट्टीला 20-25 रुपये पडतात. आकडा जास्त दिसला की चिठ्ठी द्यायची : उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि फिजिशियनचा सल्ला. आमच्याकडून चिठ्ठी घेतलेले काही जण पुढे जात नाहीत, हे खरं आहे. म्हणून मी आठवड्यानं फोन करते. रिक्षावाले दादा दोन फोननंतर गेले. त्यांची गोळी सुरू झाली, हिरड्यांवर उपचार झाले, दोनांपैकी एक दात वाचला.

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय इथे तर गावोगावचे पेशंट येतात. तिथे केसपेपर काढतानाच ही तपासणी ठरून गेली, तर शिकणाऱ्या मुलांच्या हाताला पहिल्यापासून तशी सवय लागेल. पालिकेनं 'आपला दवाखाना'ही त्याला जोडून द्यावा, म्हणजे चिठ्ठी घेतलेल्याला घराजवळच पुढची तपासणी करता येईल.

आणि ज्या लहान दवाखान्यांना मशीन ठेवणं जमत नसेल, त्यांनी निदान कागदावर तो तिसरा रकाना छापावा आणि तिथे खूण झाली तर विचारावं, रात्री किती वेळा उठता?

– दातांच्या दवाखान्यातील एक मदतनीस, भांडुप (प.), मुंबई