पहिला कंट्रोलर घेताना

महोदय,

माझ्या भाचीने शिकवणीच्या पैशांतून पहिला डीजे कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी एकमेकांत मिसळायचे यंत्र, घेतला. दुकानदाराने लुकलुकणारे दिवे दाखवून तिच्या गळ्यात मारलेल्या त्या यंत्राला हेडफोनचे सॉकेटच नव्हते! पुढचे गाणे आधी हेडफोनवर ऐकायचे, त्याचा ठेका चालू गाण्याशी जुळवायचा आणि मगच फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, सरकवायचा, हा मिक्सिंगचा पाया. तोच नसेल तर पोर शिकणार काय?

मिरजेत पंधरा वर्षे मी साउंड सर्व्हिस चालवतो. शिकणाऱ्याला दोन चॅनल, म्हणजे एका वेळी दोन गाणी, पुष्कळ झाले. हेडफोनला आणि स्पीकरला वेगवेगळा आवाज पुरवणारे साउंड कार्ड मात्र आतच हवे, आणि टेम्पोचा, म्हणजे गाण्याचा वेग बदलायचा, फेडर जितका लांब तितका बरा; बोटभर फेडरवर बारीक फरक पकडता येत नाही. कोणते सॉफ्टवेअर चालते, तेही पैसे देण्याआधी विचारावे. पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स४ रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्हींवर चालतो, म्हणून शेवटी मी तिला तोच घेऊन दिला. ठेका आपोआप जुळवणारे सिंकचे बटण पहिला महिनाभर दाबायचे नाही, एवढी अट घातली. आता रोज संध्याकाळी ती दोन गाणी नुसत्या कानाने जुळवत बसते.

— एक साउंड व्यावसायिक, मिरज