नांगर म्हणतात, पण आहे केणी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

माझ्या पिकअपला पुढे बर्फ ढकलायचं पातं बसवलं, तिचा फोटो पाठवला त्याच रात्री आईचा प्रश्न आला, "बर्फ पुढे आहे, मग वाळूच्या पिशव्या मागे कशाला?" बाबांकडून मात्र चकार शब्द नाही. बाबा गप्प बसले म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसले, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. फोनवर आपलं बोलणं निम्मं "ऐकू येतंय का"मध्येच जातं, म्हणून या वेळी सगळं लिहूनच कळवते.

आधी नावाचा घोळ मिटवते. इकडे याला स्नो प्लाऊ म्हणतात, म्हणजे शब्दशः बर्फाचा नांगर. पण बाबा, हा नांगर नाहीच. नांगर जमिनीत घुसतो. याला घुसू दिलं तर आपलंच अंगण उखडेल. बैलांमागे माती ओढून जमीन सपाट करतात ती केणी आठवा. तीच केणी ओढायच्या ऐवजी पुढे ढकलायची, एवढाच फरक. सात फुटांचं वाकवलेलं पोलादी पातं, खाली झिजणारी एक पट्टी, मागे त्रिकोणी सांगाडा, आणि वर-खाली, डावं-उजवं करायला हायड्रॉलिक पंप.

फावड्याने का नाही, हे आई विचारणारच. घरापासून रस्त्यापर्यंतचा माझा खडीचा रस्ता ३० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. त्यावर वीतभर बर्फ, म्हणजे २० सेंटिमीटर पडला की तो २४ घनमीटर होतो. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आत-बाहेर भरतो. म्हणजे जवळजवळ अडीच टन. ओला असला की दुप्पट, तिप्पट. गेल्या हिवाळ्यात हे सगळं मी पाठीवर काढलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगते.

आता बाबांचा विषय. माझी पिकअप मध्यम आकाराची, मोठ्या ट्रकांची धाकटी बहीण. मोठ्या ट्रकांना पुढे जाड स्प्रिंगा असतात, काहींना कंपनीच नांगरासाठी तयार करून देते. या धाकट्या गाड्यांची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर, म्हणजे आपापल्या स्प्रिंगांवर असतात, बसायला मऊ आणि वजनाला नाजूक. पुष्कळ मध्यम पिकअपच्या पुस्तिकेत कंपनी साफ लिहिते की या गाडीला नांगर जोडू नका. माझ्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं नाही. ते मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तुमची आठवण काढून. नांगर बनवणाऱ्यांचीही यादी असते. गाडीचं मॉडेल, साल, इंजिन, केबिन सांगितली की कोणतं पातं चालेल आणि मागे किती वजन ठेवायचं ते त्यात मिळतं.

पहिल्या दुकानात ही यादी कुणी उघडलीच नाही. "कुठल्याही पिकअपला बसतं" म्हणत त्यांनी माझ्यासमोर २३० किलोचं पातं ठेवलं. दिसायला झकास होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, उद्या येते. तिथून गाडी थेट वजनकाट्यावर नेली. नुसती पुढची चाकं काट्यावर, मी आत बसलेली: ११२० किलो. मग चारही चाकं: २०६५. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो कागद चिकटवलेला असतो त्यावर पुढच्या ॲक्सलची, म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या आसाची मर्यादा १४४० किलो आणि सगळ्या गाडीची २५५०.

वरवर पाहिलं तर ११२० मध्ये २३० मिळवले की १३५०, अजून नव्वद किलो शिल्लक. दुकानदाराचं गणित एवढंच होतं. पण पातं ॲक्सलवर बसत नाही ना, ते त्याच्या पुढे लोंबतं! उचललेल्या पात्याचा भार पुढच्या ॲक्सलच्या साधारण १.३ मीटर पुढे येतो, आणि माझ्या गाडीच्या दोन ॲक्सलांमधलं अंतर आहे ३.२५ मीटर. १.३ भागिले ३.२५ म्हणजे ०.४. पात्याच्या प्रत्येक किलोमागे पुढच्या ॲक्सलवर एक किलो चारशे ग्रॅम पडतात, आणि ते वरचे चारशे ग्रॅम मागच्या चाकांवरून उचलले जातात. तर २३० किलोचे पुढे झाले ३२२. एकूण १४४२. मर्यादेच्या वर दोन किलो, तेही गाडी उभी असताना. खड्ड्यात आदळल्यावर काय होईल ते बॉल जॉइंटांनाच, म्हणजे पुढच्या चाकांच्या सांध्यांनाच विचारा.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. दुसरीकडून १६० किलोचं पातं घेतलं, जोडणीच्या सांगाड्यासकट. त्याचे पुढे पडतात २२४, आणि मागचे ६४ किलो उचलले जातात. मागची चाकं हलकी झाली की ब्रेक दाबल्यावर गाडीचं शेपूट फिरायला लागतं. आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आलं. हौद्यात अगदी मागे, मागच्या ॲक्सलच्या मीटरभर पलीकडे, दीडशे किलो वाळू ठेवली. तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखी ती पुढचा ४६ किलो भार उतरवते आणि मागच्या चाकांना दाबून धरते. पिशव्या केबिनला चिकटवून ठेवल्या असत्या तर वजन तेवढंच वाढलं असतं आणि उपयोग फारसा झाला नसता. पुढे सरकू नयेत म्हणून लाकडी चौकट ठोकली आहे आणि पट्ट्यांनी आवळल्या आहेत. जोरात ब्रेक लागला तर तीस किलोची पिशवी मागची काच विचारात घेत नाही.

पात्याची लांबी निवडतानाही डोकं खाजवावं लागलं. साडेसहा फुटी हलकं पडलं असतं. पण पातं सरळ धरून कुणी फारसं चालवत नाही, ते तिरकं करतात, म्हणजे बर्फ एका कडेला घसरत जातो. तीस अंश तिरकं केलं की सात फुटांचं पातं सहा फूट आणि चिमूटभर जागा साफ करतं. माझ्या टायरांची बाहेरून बाहेरची रुंदी जवळपास तेवढीच. साडेसहा फुटी घेतलं असतं तर एका बाजूचं चाक न काढलेल्या बर्फावरून गेलं असतं आणि तो दाबून दगड केला असता.

बसवायला दोन दिवस लागले. बंपरला काहीही टांगलेलं नाही, हे आधी सांगते, कारण बाबा फोटो मोठा करून तेच बघत असणार. सांगाडा थेट चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ लोखंडी चौकटीला आहे, तिच्यात आधीपासून असलेल्या भोकांतून. नवीन भोक पाडलं नाही, वेल्डिंगची काडी लावली नाही. बोल्ट पेटीतून आले तेच वापरले, टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, सांगितल्या मापात आवळले, आणि तासभर काम केल्यावर परत तपासले. सोळापैकी दोन बोल्ट पाव वळसा फिरले! म्हणून सगळ्यांवर आता पिवळ्या रंगाची रेघ ओढली आहे, बोल्टावरून सांगाड्यावर. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हललेला.

वायरिंगने मात्र रडवलं. पंपाची मोटर सुरू होताना शे-दीडशे अँपिअर सहज ओढते, तेव्हा जाड केबल थेट बॅटरीवरून घ्यावी लागते, मध्ये फ्यूज घालून. शिवाय पातं उचललं की गाडीचे दिवे झाकले जातात, म्हणून वर वेगळे दिवे बसवायचे आणि मूळ दिव्यांशी त्यांची अदलाबदल रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने करायची. हल्लीच्या गाडीत दिवासुद्धा कॉम्प्युटरला विचारून लागतो. मी जोडलेला रिले त्याला पसंत पडला नाही. डावा इंडिकेटर दिला की उजवा मोठा दिवा लागायचा. शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे राहून पोट धरून हसत होते. गाडीच्या वायरिंगला जुळणारा वेगळा मॉड्यूल आणला तेव्हा शांत झालं.

समोरचे सेन्सर आणि रडार हे आणखी एक खूळ. पातं त्यांच्या अगदी नाकासमोर. गाडीला वाटतं की आपण सतत भिंतीवर आदळतोय, आणि ती किंचाळत राहते. आपोआप ब्रेक लावणारी ती व्यवस्था पातं चढवलं की मी बंद करते, उतरवलं की चालू. एअरबॅगच्या सेन्सरांना आणि त्यांच्या वायरींना हात लावलेला नाही. यादीतलाच सांगाडा घेण्याचं तेही एक कारण. पुढून धडक बसली तर गाडीने कसं दबायचं हे ठरलेलं असतं, त्यात कुठलंही लोखंड घुसवून चालत नाही.

पहिला बर्फ पडला आणि मी माती खाल्ली. म्हणजे अक्षरशः, पात्याने. जमीन अजून गोठली नव्हती, आणि पात्याखालचे दोन बूट मी पुरेसे खाली केले नव्हते. हे बूट म्हणजे बशीसारखे लोखंडी तळवे, त्यांच्यावर पातं टेकून चालतं. खडीच्या रस्त्यावर ते बोटभर खाली ठेवायचे, म्हणजे तळाचा थर तसाच राहतो. मी हौसेने पातं पार टेकवलं आणि अर्धी खडी बर्फासकट गवतात ढकलली. उन्हाळ्यात दाताळ्याने गोळा करीन. त्याच दिवशी गोठलेल्या एका दगडाला पातं धडकलं. धाडकन आवाज झाला, पातं पुढे कलंडलं, दगडावरून गेलं आणि स्प्रिंगांनी परत उभं राहिलं. ते तसंच व्हायला हवं असतं, त्यासाठीच त्या दोन जाड स्प्रिंगा आहेत. माझा जीव मात्र परत यायला जरा वेळ लागला.

आता हात बसला आहे. माणूस चालतो त्याहून थोडा जास्त वेग, फोर-व्हीलचा लो गिअर. वादळ थांबायची वाट बघत नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर साचला की एक फेरी, मग झोप, मग परत. गाडी लहान आहे, तिला घास लहान द्यायचा. मागे घेताना आधी पातं वर, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. गिअरबॉक्सची वाट लागते ती याच घाईत. सुरुवातीचे ढीग लांब ढकलते, कारण ते गोठले की जागचे हलत नाहीत आणि फेब्रुवारीपर्यंत रस्ता दोन्हीकडून आवळत येतो. पातं वर धरून लांब जायचं असेल तर ते तिरकं करते. सरळ ठेवलं तर रेडिएटरचा वारा अडतो आणि बाहेर सगळं गोठलेलं असताना इंजिन तापतं. काम संपलं की पातं जमिनीवर टेकवते. आई, हे तुझ्यासाठी: उचललेल्या पात्याखाली मी हात घालत नाही, पंपावर कितीही विश्वास असला तरी. मार्च संपला की पातं उतरवायचं, त्यानंतर पुढची चाकं आणि अलाइनमेंट तपासून घ्यायची.

कुणाला मदत करायला जाऊ नकोस, असं आई म्हणाली होतीस. शेजारच्या आजोबांचं दार तेवढं मोकळं करून देते. पाच मिनिटांचं काम आहे, आणि इंडिकेटरवरून ते अजून हसतात, तेवढं भाडं मला पुरतं.

बाबा, आता तुमच्यासाठी एक काम. सगळं चढवून, वाळू भरून, मी परत काट्यावर गेले होते. गणिताने पुढच्या ॲक्सलवर १२९८ यायला हवे होते, ११२० अधिक २२४ उणे ४६. काट्याने दाखवले १३१०. मर्यादा अजून १३० किलो लांब आहे, तेव्हा काळजी नाही, पण बारा किलो आले कुठून ते मला सापडत नाही. गाडीत मी सोडून कुणी नव्हतं, हत्यारांची पेटी घरी होती. सवडीने बघून कळवा. आईला विचारू नका, ती म्हणेल माझंच वजन वाढलंय.

तुमची,
लेक