विन्या, पोराला जाऊ दे

पुणे,
२५ जानेवारी

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. फोनवर पाच मिनिटांत उरकलं असतं, पण तू चांगली चार पानं लिहिलीस म्हटल्यावर मलाही चालणारं पेन शोधणं भाग पडलं. तुझ्या चार पानांचा मथितार्थ एवढाच, की चिरंजीव रोज संध्याकाळी दप्तर घेऊन मित्राकडे 'अभ्यासाला' जातात, रात्री नऊला उगवतात आणि पूर्वपरीक्षेत विज्ञानाचे मार्क जागचे हललेले नाहीत. तेव्हा हे जाणं बंद करू का, असं तू विचारतोस.

बंद करू नकोस. फक्त तिथे चालतं काय, ते एकदा जाता जाता बघून ये. मी हे हवेत बोलत नाही. आमच्याकडे सध्या हाच उद्योग चालू आहे, तोही माझ्या स्कूटरच्या शेजारी.

पुण्यात अभ्यासाला जागा नाही असं कोणी म्हणणार नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ फिरून बघ, दर चार पावलांवर अभ्यासिकेची पाटी. पण त्या स्पर्धा परीक्षावाल्यांच्या. तिथे खुर्ची सरकली तरी दहा माना वळतात. दहावीच्या पोरांना बसायला जागा नको असते, बोलायला हवी असते. घरात बोलले तर आजोबांची बातम्यांची वेळ. म्हणून आमच्या चिमीने आणि बिल्डिंगमधल्या तिघांनी पार्किंगमधलं टेबल टेनिसचं टेबल बळकावलं. त्यावर कमिटीने लगोलग नोटीस लावली, 'सदर टेबल केवळ खेळण्यासाठी आहे.' पोरांनी काय करावं? जाळी लावली, दोघं इकडे, दोघं तिकडे, आणि अभ्यास सुरू. आता नियमावर बोट ठेवायला जागा नाही. पुण्याचं पाणी प्यायलेली आहेत.

चौघांची ओळख करून देतो. लंबू हुशार, चाळीसपैकी अडतीसच्या खाली न येणारा. गोट्या सगळं घाईत करणारा. वरच्या मजल्यावरची एक मुलगी, तिला सगळे तायडी म्हणतात, कारण ती वयाने नाही तरी स्वभावाने सगळ्यांची ताई आहे. आणि आमची चिमी, जिला दर वाक्याला 'का?' विचारायची खोड. घरी त्या 'का'ने डोकं उठतं, पण खाली पार्किंगमध्ये त्याच 'का'वर सगळा गाडा चाललाय.

परवाचंच सांगतो. मी ऑफिसातून आलो, तर चौघं समोरासमोर उभे राहून डाव्या हाताची तीन बोटं तीन दिशांना ताणून एकमेकांना दाखवत होते. वॉचमन बिचारा लांबून बघत होता, भांडण आहे की काय म्हणून. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम चालला होता. तर्जनी चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला, मधलं बोट विद्युतधारेच्या दिशेला, मग अंगठा दाखवतो ते वाहकावरचं बल. लंबूने विद्युत चलित्राचं, म्हणजे मोटरचं, उत्तर घडाघड म्हटलं, पुस्तकातलं, स्वल्पविरामासकट. चिमीने विचारलं, "पण अर्धी फेरी झाल्यावर तारेची चौकट उलटी का नाही फिरत?" लंबू म्हणाला, "ते कडं असतं ना, त्याच्यामुळे." "कड्यामुळे म्हणजे कसं?" लंबू गप्प. अडतीस मार्कांचा मुलगा, आणि त्याला तेव्हाच कळलं की आपल्याला उत्तर येतं, चलित्र येत नाही.

मग जे झालं ते मी स्कूटर पुसण्याचं नाटक करत पाहिलं. तायडीने कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची चौकट कापली. एक बाजू लाल स्केचपेनने रंगवली, दुसरी निळ्या. दोन खोडरबरांवर 'उ' आणि 'द' लिहिलं, झाले चुंबक. लाल बाजू डावीकडे, निळी उजवीकडे. बोटं लावली, लाल खाली ढकलली जाते, निळी वर. चौकट अर्धी फिरवली. आता लाल उजवीकडे आली. क्षेत्र तेच, लाल बाजूतली धाराही तीच, मग बोटं काय सांगणार? खालीच. पण उजवीकडची बाजू खाली गेली तर चौकट आली त्या वाटेने परत जाणार! म्हणजे मोटर फिरणार नाही, नुसती डुगडुगत राहील. गोट्या ओरडला, "मग धारा उलटी करा ना!" आणि कड्याचे दोन अर्धे तुकडे कशाला असतात ते तिथे, टेबल टेनिसच्या टेबलावर, चौघांना एकदम उमगलं. तुकडे चौकटीबरोबर फिरतात, कार्बनचे ब्रश जागचे हलत नाहीत, म्हणून दर अर्ध्या फेरीला तुकडे ब्रश बदलतात आणि चौकटीतली धारा आपोआप उलटते. विन्या, मला मोटर दुरुस्तीचं काम येतं, पण इतकं नीट मी कुणाला सांगू शकलो नसतो.

मोटरला डावा हात, जनित्राला उजवा. इथे गोट्या दर वेळी घसरतो. पण हात परीक्षेला बरोबरच नेता येतात आणि पर्यवेक्षक काही बोलू शकत नाही, ही त्याला मोठी सोय वाटते.

तुझ्या मुलाचं कुठे अडतं ते तू लिहिलं नाहीस. माझा अंदाज, गणितं. भिंगांच्या गणितात पोरं मार्क घालवतात ती चिन्हांत. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर, तर प्रतिमा कुठे? गोट्याचं उत्तर १२. लंबूचं ६०. दोघंही ठाम. वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं असतं ते गोट्या विसरला होता, पण लंबू नुसतं "तुझं चुकलंय" म्हणत बसला. असं सांगून कोण ऐकतं? तायडीने वाद थांबवला. म्हणाली, आकडे बाजूला ठेवा, आकृती काढा. वस्तू नाभी आणि नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे ४० सेंमी, यांच्या मध्ये आहे. मग प्रतिमा पलीकडे ४०च्याही पुढे पडायला हवी. १२ येईलच कसं? गोट्याने स्वतःच खोडलं. प्रतिमा ६०वर, उलटी, वस्तूच्या दुप्पट. आता तो आधी वेडीवाकडी का होईना आकृती काढतो आणि मग सूत्राला हात लावतो. क्लासमध्ये हे सरांनी सांगितलं नसेल का? शंभरदा सांगितलं असेल. पण क्लासात ऐंशी पोरांत आपलं १२ आलंय हे कोण बोलून दाखवतं?

माझ्या मते एकत्र अभ्यासाचा उपयोग होतो तो इथेच. आपल्याला येत नाही हे चारचौघांत उघडं पडायला हवं, आणि ते चारचौघं आपलेच हवेत. घरी एकटं पोरगं पान वाचतं, ओळखीचं वाटतं, पान उलटतं. ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. पुस्तक मिटून दुसऱ्याला सांगायला लागलं की दोन मिनिटांत भांडं फुटतं.

म्हणून सांगतो, बघायला जाशील तेव्हा एवढंच बघ. पुस्तकं उघडी ठेवून चौघं शेजारी शेजारी मुकाट वाचत असतील, तर तो अभ्यास घरी बसून झाला असता. पुस्तकं मिटलेली आणि आवाज चढलेला असेल, तर निर्धास्त परत ये. मोबाईल चौघांच्या हातात असतील, तर मात्र तुझा संशय खरा. आमच्याकडे ते जाळीपाशी पालथे पडलेले असतात. वाजले की सगळे आधी बघतात कुणाचा वाजला, पण पालथे असतात. आणि टोळी किती जणांची आहे तेही बघ. चारपर्यंत ठीक. पाचवा आला की दोन गट पडतात आणि सहावा आला की क्रिकेट सुरू होतं.

एक नमुना सगळीकडे असतो, तुमच्याकडेही असेल. 'माझं काहीच झालं नाही रे' म्हणत येतो, सगळ्यांचं किती झालंय ते काढून घेतो आणि घरी जाऊन रात्री एकपर्यंत वाचतो. आमच्याकडे शेजारच्या सोसायटीतला एक यायचा. त्याला कुणी हाकललं नाही. तायडीने फक्त सांगितलं, "आज उष्णता तू शिकव." दुसऱ्या दिवसापासून त्याला वेळ मिळेनासा झाला.

विज्ञानाच्या भाग २ची मात्र मला काळजी आहे. जीवशास्त्र आहे, पर्यावरण आहे, म्हणून पोरं तो गोष्टीसारखा वाचतात, आणि पूर्वपरीक्षेत चौघांचेही तिथेच गेले. पेशी विभाजनाच्या अवस्थांची नावं सगळ्यांना पाठ, पण त्यांच्या आकृत्या स्वतः काढायला सांगितल्या की निम्मा कागद रिकामा. प्राण्यांचं वर्गीकरण त्यांनी खेळ करून टाकलंय, एकाने प्राणी सांगायचा, बाकीच्यांनी संघ किंवा वर्ग आणि दोन लक्षणं. समुद्रघोड्यावर गोट्या हमखास फसतो, त्याला तो मासा वाटतच नाही. सौरऊर्जेचा धडा मी स्वतः गच्चीवर नेऊन दाखवला, बिल्डिंगची पॅनल आहेत ना. एका सौरघटाचं विभवांतर अर्ध्या व्होल्टच्या आसपास, मग जास्त व्होल्ट हवे तर घट एकसर जोडायचे आणि जास्त धारा हवी तर समांतर. पाठ करायला काही उरलंच नाही.

रविवारी सराव पेपर असतो. खरा, घड्याळ लावून. चाळीस गुण, दोन तास, एका रविवारी भाग १, पुढच्या रविवारी भाग २. मग उत्तरपत्रिका अदलाबदल करून तपासायच्या. तायडीकडे कुणालाच पेपर द्यायचा नसतो. किरणाकृतीत किरणांना बाण नाहीत, अर्धा गुण गेला. एकक लिहिलं नाही, अर्धा गेला. शास्त्रीय कारणात 'कारण' हा शब्द आहे पण कारण नाही, तर भोपळा. सोडिअम केरोसिनमध्ये का ठेवतात, याला गोट्याने लिहिलं, 'कारण ते बाहेर ठेवणे धोकादायक असते.' तायडीने शेजारी लाल पेनने लिहिलं, 'वाघ पण असतो.' पुढच्या वेळी त्याने हवेतल्या ऑक्सिजन आणि बाष्पाशी होणारी जोरदार अभिक्रिया, पेट घेणं, सगळं लिहिलं. शाळेत तपासलेला पेपर पोरं मार्क बघून दप्तरात कोंबतात. इथे अर्ध्या गुणासाठी वीस मिनिटं वाद घालतात, आणि त्या वादात धडा पक्का होतो.

आपण तरी काय वेगळं करत होतो? तुझ्या वाड्याच्या माडीवर तू मेंडेलीव्ह समजावायचास, १८६९ साली त्याने मूलद्रव्यांच्या सारणीत रिकाम्या जागा सोडल्या म्हणून हातवारे करत, आणि तुझी आजी खालून विचारायची, "कुणाच्या जागा रिकाम्या राहिल्या रे? पंगत कुणाकडे आहे?" आप्पा बळवंत चौकातून अर्ध्या किमतीत आणलेलं गाईड आपण दोघांत वापरलं, त्यात आधीच्या मालकाने खुणा केलेले प्रश्न तेवढेच केले. आताच्या पोरांना गाईडं ढिगाने, व्हिडिओ ढिगाने. विचारायला माणूस नाही, एवढंच.

इथल्या पोरांची आणखी एक गंमत. बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, बोर्ड शिवाजीनगरला. त्यामुळे पुस्तकही आपल्याच गावात निघतं आणि पेपरही, मग कुठूनतरी कळायलाच हवं, अशी गोट्याची पक्की समजूत होती. लंबू रोज बसने बोर्डावरून जातो, तो म्हणाला की आजवर त्याला तिथे फक्त गेट दिसलंय. चिमीचं वेगळंच दुःख. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था लोकांसाठी खुली असते, आणि नेमकी दहावी. हा दिवस ज्यामुळे पाळतात तो रामन परिणामाचा शोध रामन यांनी १९२८ साली फेब्रुवारीऐवजी जूनमध्ये लावला असता तर काय बिघडलं असतं, असं ती मला विचारत होती. पुढच्या वर्षी नेतो म्हणून सुटका करून घेतली.

तू पोराला क्लास वाढवून देणार असल्याचं शेवटी लिहिलं आहेस. आता महिन्यावर परीक्षा आली, नवीन क्लास लावून त्याची संध्याकाळ खाऊ नकोस. त्याऐवजी त्याच्या टोळीला आठवड्यातून एकदा तुझ्याकडे बोलाव. वहिनींचे पोहे आणि तुझी बैठकीची खोली. तू मात्र त्या वेळात बाहेर फिरून ये. तू बसलास की ती पोरं पुस्तकं उघडतील, आणि मग काही खरं नाही. प्रात्यक्षिकाच्या वह्या पूर्ण आहेत का, तेवढं विचार. त्या वीस गुणांकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं आणि प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी येते.

आता माझं काम. आमच्या मंडळींनी पुण्यातल्या मिळतील त्या शाळांचे पूर्वपरीक्षेचे पेपर सोडवून संपवले. तुमच्या नागपूरच्या दोन-तीन शाळांचे विज्ञानाचे दोन्ही भाग मिळाले तर फोटो काढून पाठव. बदल्यात इकडचे सगळे पाठवतो. उत्तरं पाठवू नकोस, तायडीने बजावून सांगितलंय. आणि तुझ्या चिरंजीवाने एखादा पेपर सोडवला असेल तर तोही पाठव म्हणाली, तपासून देते. द्यायचा की नाही ते त्याला विचारून ठरव, मी तुला बाणांची कल्पना दिलेली आहे.

वहिनींना नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलंच नाहीस, पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
बाळ्या