आधी पेपर वाचा, मग आकडा विचारा

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शिक्षकांच्या निवडीत व बढतीत जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरला मिळणारे वजन

महोदय, स.न.

मुंबईत वैद्यकीय ग्रंथपाल म्हणून माझी नोकरी झाली. मुलाखतीचे पत्र आले की तरुण डॉक्टर आमच्या काउंटरवर येत. ‘मॅडम, या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर काढून द्या ना, प्रिंटआउट जोडायचाय.’ इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलमधल्या लेखांचे संदर्भ इतर पेपरांत सरासरी किती वेळा दिले गेले, तो आकडा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग बढतीसाठी मेडलाइन, स्कोपस अशा ठरावीक सूचींतल्या जर्नलमधले पेपर मागतो. इम्पॅक्ट फॅक्टर अमुक हवा, असे तो म्हणत नाही. तरी मुलाखतीच्या टेबलावर तो आकडा येतोच, कारण पेपर वाचण्यापेक्षा आकडा वाचणे सोपे.

हा आकडा निघतो असा. २०२४ चा हवा असेल तर त्या जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या लेखांचे २०२४ मध्ये किती वेळा संदर्भ दिले गेले ते मोजायचे, आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचे. अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये या कल्पनेचे बीज टाकले; १९७५ पासून जर्नलांचे असे अहवाल निघू लागले. कोणते जर्नल घ्यावे, कोणते बंद करावे, हे ठरवायला ग्रंथालयांना त्याचा चांगला उपयोग झाला. वर्गणीचे पैसे कमी पडले की मीही हेच अहवाल उघडत असे. तक्रार आकड्याबद्दल नाही. जर्नल निवडायचे माप माणूस निवडायला लावले जाते, त्याबद्दल आहे.

हार्मोनच्या संशोधनाचे उदाहरण घेते, कारण परळमध्ये या विषयाची जुनी परंपरा आहे. केईएम रुग्णालयाचा एंडोक्रायनॉलॉजी म्हणजे हार्मोनविकारांचा विभाग तिथे आहे, प्रजनन आणि बाल आरोग्यावर काम करणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) संस्थाही तिथेच. उंची न वाढणाऱ्या मुलाला ग्रोथ हार्मोन सुरू केले तर त्याची अंतिम उंची कळायला आठ-दहा वर्षेसुद्धा लागतात. जन्मजात अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा दोष असलेल्या मुलीवर केलेले उपचार बरोबर होते का, हे ती वयात आल्यावर उमगते. अशा कामाचे मोल आपण दोन वर्षांच्या खिडकीतून बघतो. मुले वयात येण्याच्या टप्प्यांवरचे मार्शल आणि टॅनर यांचे दोन पेपर १९६९ आणि १९७० मध्ये आले. आजही बालरोगतज्ज्ञ रोज ‘टॅनर स्टेज’ लिहितात, आजही त्या पेपरांचे संदर्भ दिले जातात. पण यंदाच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये त्यांची भर शून्य.

आणखी जवळचे सांगते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी सुधारित वाढीचे तक्ते २०१५ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केले. दादर-गिरगावातल्या दवाखान्यात डॉक्टर त्या तक्त्यावर मुलाचा ठिपका ठेवतात, रेघ खाली घसरलेली दिसली की थायरॉइडची तपासणी लिहून देतात. त्या डॉक्टरांपैकी किती जण पुढे पेपर लिहून तक्त्यांचा संदर्भ देणार? जवळपास कोणी नाही. संदर्भ देतो तो लिहिणारा, वापरतो तो वाचणारा, आणि आपल्याकडे वापरणारेच जास्त.

बालकांच्या हार्मोनविकारांना वाहिलेल्या ‘हॉर्मोन रिसर्च इन पीडियाट्रिक्स’चा इम्पॅक्ट फॅक्टर एक आकडीच राहिला आहे. ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी’चा गेल्या काही वर्षांत चाळिशीपार. मधुमेहावर लिहिणारे जगभर असंख्य, दुर्मीळ ग्रंथिदोषांवर लिहिणारे मूठभर. मग संदर्भही त्याच प्रमाणात मिळणार. समालोचनपर लेख आणि मार्गदर्शक तत्त्वे जास्त छापली तरी आकडा चढतो. त्यावरून डॉक्टरची लायकी ठरवणे म्हणजे पेडर रोडचा पत्ता बघून भाडेकरूची ऐपत ठरवणे.

सरासरी किती फसवी असते, याचा नमुना स्फटिकशास्त्रातल्या ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा आहे. २००८ मध्ये त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१ होता, २००९ मध्ये ४९.९२६ झाला. कारण एकच लेख, एका सॉफ्टवेअरविषयीचा, हजारो वेळा उद्धृत झालेला. त्या जर्नलमधले बाकीचे लेखक एका रात्रीत चोवीसपट हुशार झाले होते का? (मुलाखतीला गेले असते, तर बहुधा झाले असते.) आवाज आणि वाचेच्या विकारांवरच्या ‘फोलिया फोनिआट्रिका’च्या संपादकांनी तर २००७ मध्ये निषेध म्हणून आपल्याच जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या सगळ्या लेखांचे संदर्भ एका संपादकीयात देऊन टाकले. आकडा दुपटीहून वर गेला आणि मग जर्नल इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून बाहेर काढले गेले. निषेध म्हणून जे उघड करता येते, ते स्वार्थासाठी गुपचूपही करता येते. ‘सात दिवसांत पेपर, लेखकाच्या जागा शिल्लक’ असे मेसेज निवासी डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, ते याच बाजाराचे.

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने सुमारे १३,००० जर्नल सरकारी महाविद्यालयांना वाचायला खुली केली, हे उत्तमच झाले. छापण्याचा खर्च मात्र बऱ्याच अंशी राहतोच. मोठ्या जर्नलमध्ये मुक्त प्रवेशाने, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येईल असे छापायचे तर हजारो डॉलर मागतात. केईएमचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघते आहे. ते लेखकाकडून पैसे घेत नाही, ऑनलाइन वाचणाऱ्याकडूनही नाही. अशा जर्नलला संपादकीय मदतनीस आणि संख्याशास्त्रज्ञ मिळावा म्हणून राज्याने थोडी तरतूद केली तर आकड्यांच्या शर्यतीपेक्षा ती जास्त कामी येईल.

माझे मागणे एका परिपत्रकात बसेल. निवड समितीने उमेदवाराला स्वतःचे दोन पेपर निवडायला सांगावे, सदस्यांनी ते आधी वाचून यावे, आणि त्यात उमेदवाराने नेमके काय केले, त्याचा रुग्णांना काय उपयोग झाला, हे विचारावे. अर्जातला इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना काढून टाकावा. जर्नलच्या आकड्यावरून माणसाचे मूल्यमापन करू नये, हे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१३ मध्येच मांडले आहे; आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने त्यावर सही करावी, असे आपण सुचवू शकता. वाचायला वेळ लागेल, हे समितीचे सदस्य सांगतीलच. दिवसाला वीस मुलाखतींऐवजी दहा ठेवा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय ग्रंथपाल, मुंबई