अ‍ॅलर्जीच्या गोळीचा घटक पाहून मगच ती घ्यावी

संपादक महोदय,

सतत येणाऱ्या शिंका, डोळ्यांची खाज किंवा अंगावर उठलेले पित्त यांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी अँटिहिस्टामिन गोळी घेण्यात काही गैर नाही. योग्य मात्रेत घेतली तर ती बहुतेकांना मानवते. माझी हरकत आहे ती केवळ ब्रँडचे नाव पाहून ती घेण्याला. सर्दीची गोळी, खोकल्याचे पातळ औषध, प्रवासात मळमळू नये म्हणून घ्यायची गोळी आणि अ‍ॅलर्जीची गोळी ही वेगवेगळी औषधे आहेत असे आपण धरून चालतो, पण स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे वाचली तर अनेकदा या साऱ्यांत एकाच वर्गातला घटक निघतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिनच्या जोडीला क्लोरफेनिरामिन असते. सकाळी सेटिरिझिन घेतलेल्या माणसाने दुपारी नाक गळते म्हणून अशी गोळी घेतली, तर त्याच्या पोटात एकाच दिवशी दोन अँटिहिस्टामिन जातात आणि हे त्याच्या गावीही नसते. सेटिरिझिन व लेव्होसेटिरिझिन एकाच वेळी घेणे हाही तोच प्रकार आहे, कारण दुसरे हा पहिल्याचाच गुणकारी भाग आहे.

क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारखी जुनी औषधे मेंदूपर्यंत पोहोचतात, म्हणून त्यांनी झापड येते, आणि आपल्याला पेंग आलेली नाही असे वाटत असतानाही वाहन चालवणाऱ्याच्या हालचाली मंदावलेल्या असू शकतात. वृद्धांच्या बाबतीत तर मला ही औषधे घरच्या घरी देण्याची प्रथाच धोक्याची वाटते: तोंड कोरडे पडणे आणि बद्धकोष्ठता यांवर न थांबता त्यांचा गोंधळ उडतो, तोल जाऊन ते पडतात, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब एकदम वाढतो. लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन ही नंतरची औषधे त्या मानाने फार कमी गुंगी आणतात. सेटिरिझिन मात्र काहींना झोप आणते, तेव्हा पहिली गोळी घेतल्यावर तिचा परिणाम कळेपर्यंत गाडी चालवू नये, आणि यांपैकी कोणत्याही गोळीबरोबर मद्य घेऊ नये. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावे, कारण संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ते शरीरात कमी शोषले जाते.

प्रौढांसाठी सेटिरिझिनची नेहमीची मात्रा दिवसाला १० मिलिग्रॅम आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती कमी करावी लागते आणि ते डॉक्टरांनीच ठरवावे. लहान मुलांना मोठ्यांची गोळी मोडून अर्धी देणे टाळावे. त्यांचे औषध निराळे मिळते आणि मात्रा वयानुसार ठरते.

एक गोष्ट मात्र अत्यंत तातडीची आहे. अ‍ॅलर्जीने जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, भोवळ आली, तर गोळी देऊन वाट पाहणे जिवावर बेतू शकते. तेथे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन लागते, आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते.

आपल्या आरोग्यविषयक मजकुरात एखाद्या औषधाचा ब्रँड येतो तेव्हा त्याच्या शेजारी घटकाचे नावही छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक